विकतच्या चार ओळी

सूचौच्या जुआंग घराण्यातून पत्र आलं तेव्हा शुवान परसात बांबूची सुपं उन्हाला लावत होती. बाबा धक्क्यावर गेले होते. ते परत येईपर्यंत थांबायचं, तर आईला धीर निघेना. मुलीच्या सासरचं पत्र, तेही लग्नाला दोन महिने उरलेले असताना. तिने दुकानातून लू कारकुनांना बोलावलं आणि ओसरीवर बसवून पत्र मोठ्याने वाचायला सांगितलं. शुवान कमरेच्या फडक्याला हात पुसत दाराआड उभी राहिली.

पत्र नवऱ्यामुलाच्या थोरल्या आजींचं होतं. सुरुवातीला हवापाणी, मग सगळ्यांची खुशाली, आणि मग लू कारकुनांनी घसा खाकरून वाचलं, “आपल्या कन्येची कविता घरातल्या सर्व स्त्रियांनी वाचली. इतक्या लहान वयात वेळेचं मोल आणि अभ्यासाची ओढ कळलेली मुलगी आमच्या घरात येते आहे, याचं समाधान वाटतं. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी बागेत आमची नेहमीची बैठक असेल. दिलेल्या यमकावर प्रत्येकीने चार ओळी लिहायच्या असतात. नव्या सुनेच्या ओळींची सर्वांना उत्सुकता आहे.”

आईने शुवानकडे पाहिलं. शुवानने आईकडे.

“कोणती कविता?” शुवान म्हणाली.

लू कारकून पत्राची घडी घालू लागले. घडी पहिल्यांदा चुकली, म्हणून पुन्हा घातली. “ते मालकांनाच विचारा,” असं म्हणून ते उठले. चहासुद्धा घेतला नाही.

शुवानला लिहितावाचता येत होतं, नाही असं नाही. रेशमाच्या गाठोड्यांवर लावायच्या चिठ्ठ्या तीच लिहायची: बारीक सूत, मध्यम सूत, गाठींचं, वसंतातलं, उन्हाळ्यातलं. अशी दीडदोनशे अक्षरं तिला येत होती आणि तेवढ्यात तिचं भागत होतं. ल्याओशी गावात रेशमाच्या किड्यांवर तिच्यासारखा हात कोणाचा नव्हता. पान नुसतं बोटांत धरून ती त्यातला ओलावा सांगायची. पण कविता?

शुवानचे बाबा, तान शेठ, संध्याकाळी घरी आले. आईचा चेहरा पाहून त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि बाकावर बसले.

“बाबा, मी कविता केली का हो?”

“केली म्हणजे,” तान शेठ म्हणाले, “तुझ्या नावाने झाली.”

हळूहळू सगळं बाहेर आलं. स्थळ आणणाऱ्या बाईने सांगितलं होतं की जुआंगांकडे तीन पिढ्या विद्वान आहेत, मुलीचं काहीतरी लिहिलेलं दाखवावं लागेल. पुलाजवळ बसून लोकांची पत्रं लिहिणारा एक म्हातारा होता, सात वेळा परीक्षेला बसून सात वेळा नापास झालेला. तान शेठांनी त्याला दोन बरण्या दारू दिली आणि चार ओळी घेतल्या. विषयही त्या बाईनेच सुचवला होता. मुलीच्या जातीने प्रेमावर लिहिलं तर वाईट दिसतं, फुलांवर लिहिलं तर उथळ दिसतं. वेळ वाया घालवू नये, मन लावून शिकावं, असं लिहिलं की कुठलीही सासू मान डोलावते.

“मग आता त्या बैठकीत काय करायचं हिने?” आईने विचारलं. “दुकानातली चिठ्ठी लिहायची? वसंतातलं, मध्यम?”

“अगं, दोन महिने आहेत,” तान शेठ म्हणाले. “आपली पोर हुशार आहे.”

 शुवानने बोटांवर दिवस मोजले. त्रेसष्ट भरले. त्यातले अठ्ठावीस किड्यांचे.

*

शुवानला शिकवायला शेठांनी बोलावलेल्या फान बाई आल्या त्या दारावर लाल कागद चिकटवायच्या आदल्या दिवशी. एकदा लाल कागद लागला की महिनाभर परका माणूस घरात येत नाही आणि घरातला बाहेर फिरत नाही. किड्यांना परक्या वाऱ्याची बाधा होते. म्हणजे बाई आत अडकल्या त्या अडकल्याच. वय त्रेपन्न, अंगाने काटक, होडीतून उतरल्या तेव्हा एका हातात पुस्तकांचं गाठोडं आणि दुसऱ्यात पितळी हुक्का. तीस वर्षं त्या या गावाहून त्या गावाला, मोठ्या घरांतल्या मुलींना शिकवत फिरत होत्या.

“हुक्का चालायचा नाही हं, बाई,” आईने दारातच सांगितलं. “धूर लागला की बाळं तोंड फिरवतात.”

“बाळं म्हणजे?”

“किडे हो. आम्ही बाळंच म्हणतो.”

“किती दिवस?”

“कोश होईपर्यंत. अठ्ठावीस दिवस.”

फान बाईंनी हुक्क्याकडे पाहिलं, मग होडीकडे. होडी सुटली होती.

पहिल्या दिवसापासून दोघींपैकी एकीलाही धड बसवेना. बाईंची बोटं सारखी हुक्क्याची नळी शोधायची आणि ती सापडली नाही की बाहीच्या काठाशी चाळा करायची. शुवानचा एक कान कायम माळ्यावर. अंड्यांतून काळ्या दोऱ्याच्या तुकड्यांसारखी बाळं बाहेर पडली होती. त्यांना दर दीड तासाने केसासारखं बारीक कापलेलं पान लागायचं. बाई एक ओळ समजावून सांगायच्या, आणि ती संपायच्या आत शुवान उठून जिन्यात.

“बस जरा, पोरी.”

“आले, बाई. पान घालून आले.”

“आत्ताच तर घातलंस.”

“ते मगाशी घातलं. आता पुन्हा.”

तिसऱ्या दिवशी बाई स्वतःच पुस्तक घेऊन माळ्यावर चढल्या. तिथे सुपांच्या चळतींमध्ये एका पाटावर बसल्या आणि नाकाला फडकं लावून शिकवू लागल्या. अभ्यासावरच्या जुन्या कवितांचा सगळा गठ्ठा त्यांनी आणला होता, कारण शेठांचा तसा निरोपच होता: त्याच विषयावरच्या शिकवा, कवितेशी जुळलं पाहिजे. शुवान पान कापता कापता त्या म्हणायची. पाणी वाहून गेलं, वसंत सरला, केस पिकले, दिवा लाव, पुस्तक उघड. दुसरी कविता, पुन्हा तेच. पाणी, वसंत, केस, दिवा.

आठव्या दिवशी तिने सुरी खाली ठेवली.

“बाई, एक विचारू? हे सगळे रागावतायत कोणावर?”

“म्हणजे?”

“प्रत्येक कवितेत एक म्हातारा आहे. तो सांगतो, मी वेळ घालवला, तुम्ही घालवू नका. पण त्याला घालवायला होता तरी. माझी आई पहाटे उठते ती रात्री आडवी होते. तिने कुठला वसंत घालवला? तिला हे कोण सांगणार, दिवा लाव म्हणून? दिवा तर तीच लावते सगळ्यांसाठी.”

फान बाई हसल्या. त्या हसण्यात काहीतरी मोडल्यासारखा आवाज होता. “माझे वडील धाकट्या भावाला शिकवायचे,” त्या म्हणाल्या. “तो बसलेला, मी उभी. मी शाई खलायची. ऐकून ऐकून मला सगळं आलं, त्याला काही आलं नाही. मग वडील म्हणायचे, देवाने दोघांचे घडे बदलले, मुलाचा मुलीला दिला.”

“मग तुमच्या कविता?”

“आहेत की. तीनशेच्या वर असतील. वूशीच्या एका मुलीच्या नावावर चाळीस, हांगचौच्या दोघी बहिणींच्या नावावर साठ. मुलीला येत नसेल तर मास्तरणीने करून द्यायची, असा रिवाजच आहे. खाली नाव तिचं.” त्यांनी बाहीचा काठ बोटाला गुंडाळला. “माझ्या नावाची ओळ लिहून अकरा वर्षं झाली.”

त्याच दुपारी आई माळ्यावर आली आणि नेमकं तेच मागितलं. “बाई, सरळ बोलते. हिला शिकवायला घ्याल तर दहा वर्षं लागतील. तुम्ही वीस कविता करून द्या, वेगवेगळ्या यमकांच्या. ही पाठ करील. बैठकीत जे यमक निघेल त्यातली उतरवील.”

फान बाईंनी शुवानकडे बोट दाखवलं. “हिला विचारा.”

शुवानला वाटलं, छातीवरचा धोंडा कोणीतरी उचलला. “चालेल,” ती पटकन म्हणाली. “पाठ करते मी.”

बाईंनी शाईचा दगड पुढे ओढला. चार दिवसांत त्यांनी वीसच्या वीस कविता लिहून दिल्या, बाजारातली बाई पापड लाटते तशा.

*

पण धोंडा काही हलला नव्हता. शुवान सुपं पुसताना पाठ करायची, जेवताना पाठ करायची, झोपेत तिचे ओठ हलायचे. पंधरा झाल्या, सतरा झाल्या, आणि जितक्या जास्त पाठ व्हाव्यात तितकी तिची तगमग वाढत गेली. यमक एकविसावं निघालं तर? कोणी मधल्याच शब्दाचा अर्थ विचारला तर? आणि हे एकदाचं नव्हे. बैठक दर महिन्याला. आयुष्यभर कुठून आणायच्या? प्रत्येक वेळी होडीतून फान बाईंना बोलवायचं?

“बाई, तुम्हाला किती यमकं येतात?”

“सगळी.”

“सगळी कशी काय येतात एखाद्याला?”

बाईंनी सुपातलं एक पान उचललं, उलटंपालटं केलं. “तुमच्याकडे या महिन्यात आल्याला आलं का म्हणत नाहीत?”

“शू, बाई. नाव घेऊ नका. तिखट्या म्हणा.”

“का पण?”

“कारण आमच्या बोलीत तो शब्द ‘ताठ पडणं’सारखा ऐकू येतो. म्हटला की बाळं ताठ पडतात.”

“आणखी कोणकोणते शब्द घ्यायचे नाहीत?”

शुवानने दहा-बारा सांगितले. हा त्याच्यासारखा लागतो म्हणून नको, तो याच्यासारखा लागतो म्हणून नको. लहानपणापासून जीभ चावत चावत शिकलेली यादी होती ती.

“झालं तर,” बाई म्हणाल्या. “कोणता शब्द कोणाचा भाऊ लागतो, हे तुला मुलीला आपलं गोत्र कळावं तसं कळतं. यमक म्हणजे दुसरं काय आहे? तुम्ही घाबरून टाळता, आम्ही मुद्दाम शेजारी बसवतो.”

 शुवान हळूच म्हणाली, “म्हणजे तिखट्या आणि,” आणि तिने यादीतला एक शब्द म्हटला. मग तिसरा. मग स्वतःच तोंडावर हात ठेवून माळ्याभर नजर फिरवली, कोणी ताठ पडलं की काय म्हणून. सुपांमधून पानं कुरतडल्याचा आवाज येत होता, तांदूळ पाखडावेत तसा. बाळं मजेत होती.

त्या दिवसापासून तिला वेगळंच वेड लागलं. ती पाठ करायची सोडून जोडत बसायची. जिन्यात शब्द, विहिरीवर शब्द. छुन मावशी, घरातली जुनी मोलकरीण, आईला म्हणाली, “धाकट्या बाईसाहेबांना वारं लागलंय बहुतेक. मघाशी मला विचारत होत्या, झाडूचा भाऊ कोण म्हणून.”

बाळांची चौथी झोप, कात टाकण्याआधीची शेवटची, झाली. कात टाकून बाळं बोटाएवढी झाली आणि त्यांना खा खा सुटली. हे सात दिवस म्हणजे घरातल्या माणसाने मरायलाही सवड काढू नये असे. बाहेर पावसाची भुरभुर होती. पानं ओली येत होती आणि एकेक पान पुसून वाळवून घालायचं होतं. त्या दुपारी शुवान जिन्याखाली फान बाईंशी हुज्जत घालत बसली. तिने स्वतः केलेली एक ओळ बाईंनी खोडली होती, आणि का खोडली ते तिला पटत नव्हतं. कवितेच्या नियमाने त्या जागी चढ्या सुराचा शब्द हवा होता, तिचा उतरत्या सुराचा होता. पण अर्थ तोच लागतो की. लागतो, पण जीभ अडखळते. माझी नाही अडखळत. असं किती वेळ चाललं कोणास ठाऊक. माळ्यावर छुन मावशी एकटी होती. तिला पाटी उचलता येत होती, पण पान बोटांत धरून सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तीन सुपं गेली. बाळं काळी पडून लोंबायला लागली, आणि वास सुटला. शुवानने ती सुपं स्वतः खाली आणली, स्वतः परसात खड्डा केला.

आई रागावली नाही. तेच वाईट झालं. ती उंबऱ्यात बसून म्हणाली, “कवितेला कोश लागत नाहीत हो शुवान. तू या घरातून जाणारच आहेस, जा. पण जाईपर्यंत तरी हात या घराचे ठेव.”

शुवान वर गेली. फान बाईंच्या वीस कवितांचा जुडगा तिने काढला, वरचे दोन कागद ओली पानं पुसायला घेतले आणि ते चांगले शोषून घेतात हे पाहून उरलेलेही वापरले. बाई दारात उभ्या राहून पाहत होत्या.

“चिडलात?” शुवानने मान वर न करता विचारलं.

“माझं नाव कुठे होतं त्यांवर,” बाई म्हणाल्या, आणि पाटावर बसून त्याही पानं पुसू लागल्या.

*

बाकीची सुपं वाचली. बाळं गवताच्या जुड्यांवर चढली, पांढरे कोश झाले, दारावरचा लाल कागद काढला गेला. बाईंनी पहिलं काय केलं असेल, तर पुलापर्यंत चालत गेल्या आणि कठड्याला टेकून हुक्का ओढत बसल्या. शुवान त्यांच्या मागोमाग गेली. तिच्या बाहीत घडी केलेला कागद होता.

“बाई, उद्या तुमची होडी सूचौवरूनच जाणार ना?”

“का?”

“हे जुआंगांच्या थोरल्या आजींना द्याल?”

बाईंनी कागद उघडला. अक्षर गाठोड्यावरच्या चिठ्ठीसारखं होतं, ठसठशीत आणि बेढब. वर पत्र, खाली चार ओळी. पत्रात लिहिलं होतं: ती कविता माझी नाही, बाबांनी आणली, मला ठाऊक नव्हतं. मला दोनशे अक्षरं येत होती, आता चारशे येतात. फसवून यायचं नाही. आणि खाली:

बाळांना दिवस अठ्ठावीस, मला थोडेच जास्त;
ती जागी झाली की खातात, मी जागी झाले की शब्द शोधते.
शब्द शोधत होते तेव्हा तीन सुपं काळी पडली.
आज ओलं पान पुसते. पुसतानाही शोधणं थांबत नाही.

बाईंनी ते दोनदा वाचलं. “तिसऱ्या ओळीत पुन्हा तीच चूक आहे. उतरता आवाज.”

“ठाऊक आहे. दुसरा शब्द सापडला नाही. ‘काळी’ म्हणायचंच होतं.”

“लग्न मोडेल, पोरी.”

“मोडू दे असं नाही म्हणत मी. मोडलं तर बाबा कोलमडतील, तेही मला दिसतंय. पण तिथे जाऊन रोज भीत बसायचं, आज कोण काय विचारेल. आत्ता अठ्ठावीस दिवस तसे काढले. मला अन्न गेलं नाही, बाई.”

“आणि माझं काय?” बाईंनी हुक्का खाली ठेवला. “हे मी पोचवलं असं कळलं तर मला कोण बोलावणार? मुलींना कविता करून देणं ही माझी भाकरी आहे. तू एका घरचं बोलतेस, पण आजी शहाण्या असतील तर विचारतील, बाई, आणखी किती घरांत तुम्ही असं केलंत?”

शुवानला हे सुचलंच नव्हतं.  तिने कागद परत घ्यायला हात पुढे केला.

बाईंनी तो दिला नाही. तिथेच बसून राहिल्या. खालून कोशांनी भरलेल्या दोन होड्या गेल्या, नावाडी एकमेकांना शिव्या देत होते. “थांब, विचार करते,” बाई म्हणाल्या, आणि रात्रभर त्यांच्या खोलीतून येरझाऱ्यांचा आवाज येत होता असं छुन मावशीने नंतर सांगितलं. सकाळी होडीत चढताना शेठांनी नमस्कार केला, आईने खाऊची टोपली दिली. बाई शुवानकडे वळून एवढंच म्हणाल्या, “तिसरी ओळ तशीच ठेवली आहे.”

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते शुवानला नंतर कधीच नीट सांगता आलं नाही. होडीला दोन दिवस, उत्तराला दोन दिवस, मध्ये एक-दोन. सहाव्या दिवसापासून ती धक्क्याकडे कान लावून बसली. सातवा गेला, आठवा गेला. आई लग्नाच्या रजया शिवत होती. शुवान टाके घालायची आणि ते वाकडे पडले म्हणून उसवायची. बाबा खुशीत होते, कोशांचं साल चांगलं गेलं होतं. ते गुणगुणत आले की ती रजई घेऊन आतल्या खोलीत जायची. दोनदा ती सांगायला गेली आणि दोनदा “काही नाही, चहा देऊ का?” म्हणून परत आली.

अकराव्या दिवशी उत्तर आलं. ते तिच्याच नावावर होतं, म्हणून लू कारकुनांनी ते तिच्या हातात दिलं. ती कोठीत गेली, दार लावून घेतलं आणि पोत्यावर बसून एकेक अक्षर जुळवत वाचू लागली. काही अक्षरं येत नव्हती. ती सोडून पुढे जायची, मागे यायची. थोरल्या आजींचं अक्षर बारीक होतं आणि बोलणं फटकळ.

“पहिली कविता तुझी नाही हे आम्हाला आधीच ठाऊक होतं. तुमच्या पुलावरच्या त्या म्हाताऱ्याने तीच कविता दोन वर्षांपूर्वी माझ्या नणंदेच्या सुनेच्या नावाने पाठवली होती. तिथे हंस होता, तुझ्यात बगळा केला आहे. आमच्या घराला नाव आहे आणि छप्पर गळतं. तुझ्या वडिलांकडे छपराची सोय आहे आणि नाव हवं आहे. त्या चार ओळी म्हणजे दोन्ही बाजूंनी केलेला वाकून नमस्कार होता. तू मध्येच उठून सांगितलंस की नमस्कार खोटा आहे. मला ते आवडलं नाही. लग्न ठरल्याप्रमाणे होईल. बैठकीत तू वर्षभर शाई खलशील आणि ऐकशील. लिहायचं नाही. तिसरी ओळ अडखळते. तुझ्या बाईंना मी जेवायला ठेवून घेतलं आणि बरंच विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं, आणखी किती घरांत ते नाही सांगितलं.”

शुवानने पत्र तीनदा वाचलं. हसावं की रडावं ते तिला कळेना. मग ती उठली आणि सरळ बाबांकडे गेली. तान शेठांनी सगळं ऐकून घेतलं, बराच वेळ टोपी हातात फिरवली.

“बगळा केला म्हणे,” ते शेवटी म्हणाले. “दोन बरण्या घेतल्या मेल्याने.”

फान बाईंना मात्र त्या वर्षी ल्याओशीतल्या कोणी बोलावलं नाही. कुणकुण कुठून लागली ते समजलं नाही. त्या हांगचौला पुतण्याकडे गेल्या, तिथे देवळामागच्या एका खोलीत गल्लीतल्या मुलींना शिकवू लागल्या. पैसा कमी, मुली जास्त, असा निरोप त्यांनी होडीवाल्याकडून पाठवला, आणि विचारलं की ‘काळी’ला दुसरा शब्द सापडला का.

*

लग्न झालं. तिसऱ्या दिवशी बैठक भरली, बागेत, मोडक्या कठड्याच्या मंडपात. बायका नऊ होत्या. थोरल्या आजी मधोमध, बुटक्या, पांढरे केस घट्ट बांधलेल्या. नव्या सुनेला त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शाईच्या दगडाकडे बोट केलं. शुवान बसली. पाणी घातलं, शाईची वडी दगडावर गोल गोल फिरवू लागली. कोणी तिच्याशी बोललं नाही, कोणी हसलंही नाही. पत्राची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती हे मात्र नजरांवरून दिसत होतं.

आजींनी यमक सांगितलं. उदबत्ती पेटवली; ती विझायच्या आत चार ओळी व्हायला हव्या होत्या. नऊ डोकी कागदांवर वाकली. शुवानच्या कानात तो शब्द वाजला आणि त्याच्यामागून त्याचे भाऊ आले, बहिणी आल्या, चुलत, मावस, सगळं गोत. ती वडी फिरवत राहिली. मान खाली घातली तरी थांबेनात. शेजारी नवऱ्याची विधवा काकू बसली होती. तिची लेखणी दुसऱ्या ओळीच्या शेवटी अडकली होती, आणि उदबत्ती अर्ध्याच्या खाली आली होती.

काकूने तोंड न हलवता विचारलं, “रेशमाचे किडे कोश करायच्या आधी अंगातून उजेड दिसतो तसे होतात ना, त्याला तुमच्याकडे काय म्हणतात?”

शुवानने कुजबुजत शब्द सांगितला. तो ल्याओशीचा होता, पुस्तकातला नव्हता, पण यमकात चपखल बसला. काकूने लिहिला.

वाचन झालं तेव्हा त्या ओळीपाशी दोघीतिघींनी मान हलवली. आजींनी काकूकडे पाहिलं, मग शाईच्या दगडाकडे. “हा शब्द तुझा नाही,” त्या म्हणाल्या.

काकूने लेखणी खाली ठेवली. शुवानचे हात शाईने काळे झाले होते. ते तिने मांडीवर लपवले, पुन्हा बाहेर काढले. तिला बसवत नव्हतं. उठून जाताही येत नव्हतं.

“आजी, मला एक कागद मिळेल का?”

“वर्षभर नाही, असं लिहिलं होतं मी.”

“हो. वाचलं मी. तीनदा.” शुवानने वडी दगडावर आडवी ठेवली. “मग वर्ष लग्नाच्या दिवसापासून धरायचं, की आजपासून?”

कोणीतरी पंख्याआड हसलं. आजींनी त्या बाजूला पाहिलं आणि हसणं थांबलं. मग त्यांनी बोटांची पेरं मोजली, जणू खरोखरच हिशेब करत होत्या.

“लग्नाच्या दिवसापासून,” त्या म्हणाल्या. “तीन दिवस सोडले तुला. आता शाई खल, पातळ झाली आहे.”